जनुकाला तारीख असते : ईएसआर-१ आणि संप्रेरक-उपचारांचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आले असेल की, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला कर्करोगाच्या जनुकाशी काय कर्तव्य? शंका रास्त आहे. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे, औषधांचे नव्हे. आजच्या बोलण्यातून कोणी औषध सुरू करू नये की बंद करू नये, हे आधीच सांगून टाकतो. परंतु 'कारण' म्हणजे काय, आणि 'योग्य प्रश्न' म्हणजे काय, या दोन गोष्टींवर आम्ही आयुष्यभर वर्गात बोललो. आणि या दोन्ही गोष्टींचा ईएसआर-१ या जनुकाच्या इतिहासाइतका चांगला धडा आम्हाला दुसरीकडे क्वचितच सापडला.

शिवाय हा विषय नुसता पुस्तकी नाही. स्तनाच्या कर्करोगावर काही वर्षे गोळ्या घेतलेली एखादी बाई असते. आजार ताब्यात असतो. मग एक दिवस तिला सांगितले जाते, "गोळी आता लागू पडत नाही." घरी आल्यावर ती स्वतःलाच विचारते, माझं काय चुकलं? गोळी चुकली होती का? पथ्य मोडलं का? की त्या गोळीनेच हे केलं? या प्रश्नांना उत्तर आहे, आणि ते इतिहासात आहे. म्हणून सुरुवातीपासून सुरुवात करू.

बीटसन आणि एक अर्धवट यश

साल १८९६. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक लेख लिहिला. आदल्या वर्षी, म्हणजे जून १८९५ मध्ये, त्यांनी एका ३३ वर्षांच्या स्त्रीवर शस्त्रक्रिया केली होती. तिचा स्तनाचा कर्करोग इतका पसरला होता की स्तनावर शस्त्रक्रिया करण्यात अर्थ उरला नव्हता. बीटसन यांनी स्तनाला हात न लावता तिची दोन्ही अंडाशये काढून टाकली. आणि काही महिन्यांत छातीवरच्या गाठी विरघळत गेल्या.

त्यांना हे सुचले कुठून? तरुणपणी त्यांनी दुग्धस्रवणावर प्रबंध लिहिला होता. गाईचे अंडाशय काढले तर ती अधिक काळ दूध देते, हे काही ठिकाणचे शेतकरी जाणत होते, आणि ते बीटसन यांच्या कानावर आले होते. म्हणजे अंडाशय आणि स्तन हे शरीरात दूर असले तरी एकाचा दुसऱ्यावर अंमल चालतो. तो अंमल रक्तातल्या कुठल्या द्रव्यामार्फत चालतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. 'हॉर्मोन' हा शब्दसुद्धा स्टार्लिंग यांनी १९०५ साली वापरात आणला. इस्ट्रोजेन शुद्ध स्वरूपात हाती यायला १९२९ उजाडले. बघा, उपचार आधी आला आणि त्याचे स्पष्टीकरण तीस-चाळीस वर्षांनी.

पण याच इतिहासात दोन अडचणी पहिल्या दिवसापासून होत्या. एक, हा उपचार सगळ्यांना लागू पडत नव्हता. पुढच्या काही वर्षांत इतर शल्यविशारदांनी आपापले अनुभव एकत्र केले, तेव्हा फायदा झालेल्या स्त्रिया साधारण एकतृतीयांश निघाल्या. दोन, ज्यांना लागू पडला त्यांनाही तो कायमचा पुरत नव्हता. बीटसन यांच्या त्या पहिल्या रुग्णाचा आजारही काही वर्षांनी परतला आणि ती त्यातच गेली.

म्हणजे दोन प्रश्न उभे राहिले. पहिला, 'कोणाला' लागू पडेल? दुसरा, 'केव्हापर्यंत' लागू पडेल? आमचे आजचे सांगणे थोडक्यात असे की, पुढची शंभर वर्षे वैद्यकाने पहिल्या प्रश्नाचा मोठ्या हुशारीने पाठलाग केला, आणि दुसरा प्रश्न बराच काळ पहिल्याच्या चौकटीत बसवून पाहिला. तो तिथे बसत नव्हता.

कोणाला? जेन्सन यांचे उत्तर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिकागोत मिळाले. एलवूड जेन्सन हे तिथले रसायनशास्त्रज्ञ. त्या काळी समजूत अशी होती की इस्ट्रोजेन पेशीत गेल्यावर त्याचे रासायनिक रूपांतर होते आणि त्या रूपांतराच्या ओघात त्याचे काम घडते. जेन्सन यांनी प्रश्न उलटा केला. पेशी इस्ट्रोजेनचे काय करते हे न विचारता त्यांनी विचारले, इस्ट्रोजेन शरीरात जाते कुठे आणि थांबते कुठे? हर्बर्ट जेकबसन यांच्याबरोबर त्यांनी किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावलेले इस्ट्रोजेन तयार केले आणि ते उंदरांच्या माद्यांना टोचले. बहुतेक अवयवांतून ते निघून गेले. गर्भाशयासारख्या अवयवांत मात्र ते धरून ठेवले गेले, आणि तेही रूपांतर न होता, जसेच्या तसे. याचा अर्थ तिथे त्याला धरणारे काहीतरी होते. तेच इस्ट्रोजेन रिसेप्टर, आपण ग्राही म्हणू.

१९५८ साली व्हिएन्नाच्या जैवरसायन परिषदेत त्यांनी हे मांडले. जेन्सन पुढे सांगत की त्यांच्या सत्राला पाच माणसे होती, आणि त्यांतले तिघे त्याच सत्रातले इतर वक्ते. व्याख्यानाला गर्दी झाली नाही म्हणून खट्टू होणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावे, बरं का. २००४ साली याच कामासाठी त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले.

याचा व्यवहारात उपयोग मोठा झाला. गाठीचा तुकडा तपासायचा. त्यात ग्राही सापडला तर संप्रेरक-उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता चांगली, नाही सापडला तर जवळजवळ नाही. १९७४ साली अमेरिकेत बेथेस्डा येथे तज्ज्ञांची बैठक झाली आणि ही तपासणी मान्यता पावली. ज्या स्त्रीला फायदाच होणार नाही तिची अंडाशये किंवा अधिवृक्क ग्रंथी काढण्याचे आता कारण उरले नाही. किती जणींचे हाल वाचले असतील, याचा विचार करा.

एक फसलेली गर्भनिरोधक गोळी

दरम्यान इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यात आयसीआय या कंपनीच्या प्रयोगशाळेत गर्भनिरोधकाचा शोध चालू होता. १९६२ साली डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी एक संयुग तयार केले. क्रमांक आयसीआय ४६,४७४. उंदरांमध्ये ते गर्भधारणा रोखत होते. स्त्रियांमध्ये मात्र उलटेच, त्याने बीजविमोचनाला चालना मिळू लागली. गर्भनिरोधक म्हणून ते फसले. पण आर्थर वॉलपोल या त्यांच्या सहकाऱ्याला इस्ट्रोजेन आणि कर्करोग यांच्या संबंधाची ओढ होती. मँचेस्टरच्या ख्रिस्ती हॉस्पिटलमध्ये मेरी कोल आणि सहकाऱ्यांनी ते पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ४६ स्त्रियांना दिले. दहा जणींना चांगला फायदा झाला. हा वृत्तान्त १९७१ सालचा. हेच टॅमॉक्सिफेन. १९७७च्या अखेरीस अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. क्रेग जॉर्डन यांच्या अभ्यासाने त्याला पुढचे आयुष्य दिले. शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ गोळी दिली तर आजार परतण्याचेच टाळता येईल, हा विचार त्यातून रुजला.

इथे एक आकडा सांगितलाच पाहिजे, कारण पुढे जे सांगणार आहोत ते ऐकून कोणी घाबरू नये. ग्राही असलेल्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर सुमारे पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास पहिल्या पंधरा वर्षांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ एकतृतीयांशाने कमी होतात. हा निष्कर्ष एका रुग्णालयाचा नाही. अनेक देशांतल्या चाचण्यांतील हजारो स्त्रियांची माहिती एकत्र करून तो काढलेला आहे. आणि गोळी स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे.

नंतर दुसऱ्या प्रकारची औषधे आली : लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन. टॅमॉक्सिफेन ग्राहीच्या जागेत जाऊन बसते. ही औषधे तिथे जातच नाहीत, ती शरीरात इस्ट्रोजेन तयार होणेच जवळजवळ थांबवतात. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये ती फार परिणामकारक ठरली.

किल्लीविना उघडणारे कुलूप

आता आपल्या जनुकाकडे येऊ. ग्राही हे एक प्रथिन आहे, आणि ते कसे घडवायचे याची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे त्याचे नाव ईएसआर-१. सहाव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर ते असते. १९८६ साली स्ट्रासबुर्ग आणि शिकागो येथील गटांनी त्याचा मजकूर उलगडला. प्रथिनात ५९५ अमिनो आम्ले, माळेत मणी ओवावेत तशी.

हा ग्राही काम कसे करतो? डबी आणि तिचे झाकण डोळ्यांसमोर आणा. इस्ट्रोजेन डबीत शिरले की झाकण त्यावर नीट बसते. झाकण बसले की पेशीला निरोप जातो, 'वाढ, दुप्पट हो'. इस्ट्रोजेन नसेल तर झाकण लोंबकळत राहते, निरोप जात नाही. टॅमॉक्सिफेन डबीत शिरते खरे, पण त्याचा एक लांब हात बाहेर राहतो आणि झाकण बसू देत नाही.

माळेतला ५३७ क्रमांकाचा किंवा त्याच्या शेजारचा ५३८ क्रमांकाचा मणी या झाकणाच्या सांध्यापाशी आहे. जनुकात एका अक्षराचा बदल झाला, तो मणी वेगळा आला, तर डबी रिकामी असतानाच झाकण बसते. निरोप चालू. इस्ट्रोजेन असो वा नसो. मग इस्ट्रोजेन आटवणाऱ्या औषधाने काय साधणार? किल्ली काढून घेतली, पण कुलूप आता किल्लीविनाच उघडते आहे. टॅमॉक्सिफेनलाही अशा झाकणाशी झगडणे जड जाते, नेहमीच्या मात्रेत ते पुरेसे पडत नाही.

सोळा वर्षे

आता इतिहासातला तो भाग येतो ज्यासाठी आम्ही हे व्याख्यान योजले.

असा बदल होऊ शकतो हे १९९० नंतरच्या दशकातच प्रयोगशाळेत दिसले होते. १९९७ साली सुझान फुक्वा यांच्या गटाने 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात लिहिले की, शरीरात इतरत्र पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ३० गाठी तपासल्या, आणि त्यांतल्या एकीत ५३७व्या जागी बदल सापडला, इस्ट्रोजेनविना काम करणारा. छापून आले. ग्रंथालयांत गेले. आणि पुढची सोळा वर्षे ते बाजूला पडून राहिले.

का? कोणी दडवले नाही. कोणी आळस केला नाही. झाले ते असे. पुष्कळ संशोधकांनी ईएसआर-१ मधले बदल शोधले, पण शोधले कुठे? पहिल्या गाठीत, म्हणजे निदानाच्या वेळी शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठीत. साहजिकच आहे, तीच गाठ हाती असते, तीच जपून ठेवलेली असते. तिथे हा बदल शंभरात एकीतही जेमतेम सापडतो. त्यावरून मत बनले की हा बदल दुर्मीळ आहे, आणि म्हणून तो उपचार निष्फळ होण्याचे मोठे कारण असू शकत नाही. आजार परतल्यावर हाडातून किंवा यकृतातून पुन्हा तुकडा काढण्याची पद्धत फारशी नव्हती. रुग्णाला त्रास, आणि उपचार त्याने बदलेल असेही वाटत नसे. लोकांनी मग इतर वाटा धुंडाळल्या, त्यांतल्या काही खऱ्याही निघाल्या.

२०१३च्या अखेरीस चित्र पालटले. जनुकाचा मजकूर झपाट्याने वाचणारी यंत्रे आली होती, आणि काही गटांनी परतलेल्या, पसरलेल्या, उपचार घेऊन झालेल्या गाठी वाचायला घेतल्या. 'नेचर जेनेटिक्स'च्या एकाच अंकात न्यूयॉर्क आणि मिशिगन येथील दोन गटांचे लेख आले. मिशिगनच्या गटाने अशा ११ स्त्रियांच्या गाठी पाहिल्या होत्या, सहा जणींत ईएसआर-१ बदललेले होते. त्या सहाही जणींनी आधी संप्रेरक-उपचार घेतलेला होता. त्याच सुमारास इस्राएलमधूनही असाच निष्कर्ष आला. आता आपण जाणतो की इस्ट्रोजेन आटवणारी औषधे घेऊन झालेल्या पसरलेल्या आजारात साधारण २० ते ४० टक्के स्त्रियांत हा बदल दिसतो.

जनुक तेच. स्त्रीही तीच. पण निदानाच्या दिवशी विचारले तर उत्तर 'नाही', आणि चार वर्षांनी विचारले तर 'होय'. दोन्ही उत्तरे खरी. आपल्याला जनुक म्हणजे कपाळावरची रेघ वाटते, जन्मतः लिहिलेली आणि न बदलणारी. आईवडिलांकडून आलेल्या काही जनुकांबाबत, उदाहरणार्थ बीआरसीए, ते बरेचसे खरेही आहे. पण गाठीचे जनुक तसे नाही. गाठीला चरित्र असते. तिच्या जनुकाच्या अहवालाला तारीख असते, आणि ती तारीख वगळून तो अहवाल वाचला तर खरे विधानही दिशाभूल करते. 'हा बदल दुर्मीळ आहे' हे १९९५ साली खोटे नव्हते. ते अपुरे होते.

चाळणी आणि खडा

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे वळू. गोळीनेच हे केलं का?

आमच्या शास्त्रात कारणांचे प्रकार करतात. घड्याचे उपादान कारण माती, निमित्त कारण कुंभार. औषध इथे कुठे बसते? ते मातीही नाही आणि कुंभारही नाही. पेशी दुप्पट होताना जनुकाची नक्कल करते आणि नक्कल करताना अधूनमधून एखादे अक्षर चुकते. कोट्यवधी पेशींत अशा चुका कुठे ना कुठे होतच असतात, त्यांना हेतू नसतो. औषध ही चाळणी आहे. पीठ खाली जाते, खडा वर राहतो. चाळणी खडा निर्माण करीत नाही. ज्या पेशींना इस्ट्रोजेन लागते त्या औषधाखाली दबतात, ज्या थोड्यांना लागत नाही त्या मागे उरतात आणि पुढे त्यांचाच विस्तार होतो. डार्विनने सृष्टीबद्दल जे सांगितले ते एका शरीरात, काही वर्षांत घडते.

मग कोणी म्हणेल, चाळलेच नसते तर? तर सगळेच वाढले असते, खडाही आणि पीठही. त्या औषधाने मिळालेली वर्षे ही खरी वर्षे आहेत, पुढे काय झाले त्याने ती खोटी ठरत नाहीत. शिवाय शस्त्रक्रियेनंतर, आजार परतू नये म्हणून जी गोळी घेतली जाते, त्या टप्प्यावर हा बदल विरळाच आढळतो. तो मुख्यतः पसरलेल्या आजारावर दीर्घकाळ उपचार चालताना उभा राहतो. तेव्हा 'जनुक बदलेल' या भीतीने गोळी सोडणे म्हणजे दूरच्या पावसाला भिऊन आजचे छप्पर काढणे.

आणि तिचे काय चुकले? ईएसआर-१ बदलले असेल तर तिचे काही चुकले नाही. इंग्रजीत डॉक्टरमंडळी लिहितात की रुग्ण अमुक उपचारात 'नापास' झाला. ही भाषा आपण मराठीत आणू नये. परीक्षा औषधाची होती. रुग्ण ती परीक्षा देत नव्हता.

तारखेचा उपयोग

'केव्हा' हा प्रश्न नीट विचारल्यावर काय हाती आले, ते सांगून थांबतो.

पहिले, रक्तातून तपासणी. गाठीच्या मरणाऱ्या पेशींचे डीएनएचे तुकडे रक्तात येतात, ते वाचता येतात. त्यामुळे यकृतात सुई न घालता तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारता येतो. फ्रान्समधल्या पाडा-१ या चाचणीत तेच केले. हजाराहून अधिक स्त्रियांच्या रक्तात ईएसआर-१चा बदल ठरावीक काळाने पाहिला. बदल दिसू लागला, पण आजार अजून वाढलेला नाही, अशा टप्प्यावर काहींचे औषध बदलले. आजार पुढे सरकेपर्यंतचा मध्यक काळ, औषध न बदललेल्यांत ५.७ महिने होता, बदललेल्यांत ११.९ महिने.

दुसरे, नवे औषध. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत एलासेस्ट्रंट या तोंडाने घ्यायच्या औषधाला परवानगी मिळाली. ते ग्राहीलाच नष्ट करायला लावते. परवानगी सरसकट नाही, उपचारानंतर पुढे सरकलेल्या आजारात ईएसआर-१ बदललेले असेल तरच. ज्या चाचणीवर ही परवानगी आधारली तिच्यात अशा स्त्रियांत आजार थोपवण्याचा मध्यक काळ १.९ महिन्यांवरून ३.८ महिन्यांवर गेला. दुप्पट म्हटले तर दुप्पट, आणि दोन महिने म्हटले तर दोन महिने. दोन्ही म्हणणे खरे आहे, आणि श्रोत्याला दोन्ही सांगितले पाहिजे. आजार थोपवणे आणि आयुष्य वाढणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

आपल्या कोणाच्या घरी हा आजार असेल आणि तो परतला असेल, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला संकोच करू नका. हा अहवाल कोणत्या तारखेचा आहे? तो पहिल्या गाठीचा आहे की परतलेल्या आजाराचा? आणि आता पुन्हा तपासल्याने उपचारात काही फरक पडणार आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर तपासणीवर पैसे घालण्याची घाई नको, कारण आपल्याकडे हा खर्च पुष्कळदा घरच्यांच्याच खिशातून जातो. उत्तर 'होय' आले, तर जुन्या कागदावर नवा निर्णय होऊ देऊ नका.